होकार फडात, नकार फोनवर

या सदराकडे सल्ल्यासाठी आलेलं पत्र थोडक्यात असं:

पत्र लिहिणारी मुलगी 27 वर्षांची, मूळची बीड जिल्ह्यातली. वडील शिक्षक. ती पुण्यात राहते आणि लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून पोट भरते. गेले दोन हंगाम आपल्याच तालुक्यातल्या एका ऊसतोड टोळीबरोबर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहून तिने 50 मिनिटांचा माहितीपट केला. कॅमेरा मित्राचा, पैसे उसने. टोळीतल्या एका बाईला ती मावशी म्हणते. या मावशीने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की वयाच्या 26 व्या वर्षी तिची पिशवी (गर्भाशय) काढली. दर महिन्याला पोटात दुखायचं, अंगावरून जायचं आणि खाडा परवडत नव्हता. टोळी नेणाऱ्या मुकादमाने एका वर्षी उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांच्या, हिशेबात कसं फसवलं, तेही तिने नावानिशी सांगितलं. संमतिपत्रावर तिचा अंगठा आहे.

आता माहितीपट एका महोत्सवासाठी निवडला गेलाय. आणि ऐन श्रावणात मावशीच्या मालकांचा फोन आला, ‘पोरीचं जमवायचं चाललंय, ते पिशवीचं तेवढं काढून टाक.’ या क्षेत्रातले सीनियर म्हणतात, अंगठा आहे ना, मग झालं. ऐनवेळी सगळेच कच खातात. तिला स्वतःला वाटतं, की तो प्रसंगच माहितीपटाचा जीव आहे, समाजाला हे कळलंच पाहिजे, आणि मावशीवर नवऱ्याचा दबाव आहे हे उघड आहे. मग प्रसंग काढला तर आपण त्या पुरुषाच्याच बाजूने उभ्या राहिलो, असं नाही का होणार? त्यात आई म्हणाली, ‘दुसऱ्याच्या दुखण्यावर तू नाव कमावणार.’ ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नाही. मावशीला पैसे द्यायला हवे होते का, असंही तिने विचारलंय. शेवटी ताजा कलम आहे: पहिल्याच दिवशी मावशीची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे जाताना ती सपशेल आपटली, आख्खी टोळी खो खो हसली, मावशी तर पदर तोंडात धरून. ‘ते फुटेज छान आहे, पण मूड बिघडतो म्हणून काढलं.’

...

तुझं पत्र दोनदा वाचलं. वयाने तुझ्या आईपेक्षा थोडी मोठीच असेन, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

प्रसंग ठेवू की काढू, हा तुझा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडेही नाही. ते मावशीकडे आहे. आणि चार पानांच्या पत्रात मावशीला कुणी विचारल्याचं मला कुठेच दिसलं नाही. फोन मालकांचा. त्यावरचं मत सीनियरांचं. टोमणा आईचा. मावशी पत्रात आहे ती फक्त फुटेजमध्ये.

नवऱ्याचा दबाव आहे, हे तुला कशावरून कळलं? असेलही दबाव, नसतो कुठे. पण असंही असू शकतं, की मावशीनेच त्यांना फोन करायला लावला. आपल्याकडे बायका अवघड नकार नवऱ्याच्या तोंडून पाठवतात आणि अवघड होकारही. ‘हे नको म्हणतात’ असं सांगून मी स्वतः कितीतरी आमंत्रणं चुकवली आहेत आणि ‘ह्यांना’ त्याचा पत्ताही नव्हता. तुला तोंडावर नाही म्हणायचा मावशीला संकोच वाटला असेल. दोन हंगाम तू तिच्या चुलीवरची भाकरी खाल्लीस, तुझं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं असेल. होकार मावशीचा आणि नकार मालकांचा, ही वाटणी तू फार पटकन केलीस, आणि ती तुझ्या सोयीचीही आहे. (‘मालक’ हा बोलीतला शब्द तुझ्या पत्रात सहज उतरला, ते मला आवडलं. पण पुढच्याच ओळीत तू त्यांना तिचे खरोखरीचे मालक ठरवून मोकळी झालीस.)

आता तो होकार तरी कसा होता, बघू. संमतिपत्राचा फोटो तू जोडलायस, बरं झालं. ‘सर्व ज्ञात तथा भविष्यातील माध्यमांत, जगभरात, कायमस्वरूपी’ असं त्यात छापलंय. भविष्यातली माध्यमं कोणती, ते मलाही सांगता यायचं नाही. फोटोतला अंगठा जरा फिसकटलाय आणि शेजारी काळपट डाग आहे. उसाच्या चिकट्याने आणि पाचटाने कापलेल्या बोटांवर शाई नीट बसत नाही. तू लिहिलंयस, ‘गाडी भरून झाल्यावर घेतला.’ म्हणजे पहाटे उठून तोडणी, मग मोळ्या बांधणं, मग फळीवरून चढून गाडी भरणं, आणि मग तुझा कागद. त्या वेळी मी असते तर कशावरही अंगठा दिला असता.

कोर्टात तो कागद चालेल का, ते वकील सांगेल. बहुधा चालेलही. पण तू मला वकिलाचा प्रश्न विचारलेला नाहीस. तसा असता तर सीनियरांच्या उत्तराने तुझं समाधान झालं असतं आणि हे पत्र आलंच नसतं.

संमती ही एकदा घेऊन फाइलला लावून ठेवायची वस्तू नव्हे. चित्रीकरणाच्या दिवशी मावशीने ‘हो’ म्हटलं ते तुला. तू समोर बसलेली, तिच्या ओळखीची, तिच्या ताटात जेवलेली मुलगी. महोत्सवातल्या 300 अनोळखी माणसांना तिने हो म्हटलेलं नाही. त्या माणसांच्या मोबाइलला तर नाहीच. माहितीपट म्हणजे काय, हे तिने पाहिलेलंच नाही. न पाहिलेल्या गोष्टीला दिलेला होकार भाबडा असतो. तो खोटा नसतो, पण अर्धा असतो. उरलेला अर्धा आपलं काम पडद्यावर पाहिल्यानंतरच देता येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नव्वदच्या दशकात एका साप्ताहिकासाठी मी परित्यक्ता बायकांवर लेखमाला लिहीत होते. एका बाईची हकिगत तिच्या परवानगीने छापली आणि नाव बदललं. बदलायचं ते बदलून झालं, असं मला वाटलं. पण तीन मुली, भावाचं किराणा दुकान, दुकानामागची तिची पत्र्याची खोली, हे सगळं मी तसंच ठेवलं होतं, कारण त्याने लेख ‘जिवंत’ व्हायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी कुणीतरी तो अंक भावाच्या हातात दिला. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा पत्र्याच्या खोलीत सिमेंटची पोती रचलेली होती. ती कुठे गेली ते कुणी सांगितलं नाही, आणि मी फार खोदूनही विचारलं नाही. लेखाचं मात्र कौतुक झालं होतं.

म्हणून ‘चेहरा ब्लर करू का’ या तुझ्या पोटप्रश्नाला माझं उत्तर असं, की पुण्यासाठी ते पुरेल, तुझ्या तालुक्याला पुरणार नाही. गावात माणूस चेहऱ्याने नंतर आणि चालीने, आवाजाने, खोकल्याने आधी ओळखतात. टोळीतले बैल ओळखतात, शिंगांना कोणता रंग लावलाय ते ओळखतात. पूर्वी असा माहितीपट पुण्या-मुंबईच्या एखाद्या हॉलमध्ये दाखवायचे, शंभरेक माणसं बघायची, चहा पिऊन घरी जायची. आता त्यातला दीड मिनिटाचा तुकडा दुसऱ्या दिवशी फडातल्याच माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतो, आणि नेमका तोच दीड मिनिटाचा तुकडा पोचतो, मागचं-पुढचं काही नाही.

पुढचा मुद्दा जरा लांबवते, कारण तुझ्या पत्रात तो सगळ्यात घट्ट रुतलाय. ‘समाजाला हे कळलंच पाहिजे.’

समाजाला कळलंय, बाळा. 2019 साली हा विषय देशभर गाजला, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. साधारण दर सहा जणींमागे एक. आकडा सरकारदरबारी आहे, वर्तमानपत्रांत आहे, विधिमंडळात त्यावर बोलून झालंय. तेव्हा मावशीने कॅमेऱ्यासमोर आपली पिशवी उघडी केली नाही तर जगापासून काहीतरी लपून राहील, हे ओझं तू तिच्या डोक्यावर देऊ नकोस. मोळीच पुरे आहे.

मग तुझ्या माहितीपटाचं काम काय? आकड्याला जे जमत नाही ते. खाडा म्हणजे नुसती बुडालेली मजुरी नव्हे, वर दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून एकीचं दुखणं दोघांची मजुरी खातं. उचल अंगावर असेपर्यंत आजारीही पडायचं नसतं. दुखण्याला दवाखाना, दवाखान्याला कर्ज, आणि कर्ज पुन्हा उचलीतच. हे तू बघितलंयस. फडात पाण्याची सोय किती लांब असते आणि आडोसा कसला असतो, हे तर तू स्वतः दोन हंगाम अंगावर काढलंयस. ज्या बाईची पाळी त्या फडात येते, तिला कुणी डॉक्टर ‘काढून टाका, कटकट मिटेल’ म्हणाला, तर ती का हो म्हणते, हे तुझ्या फुटेजमध्ये मावशीने पिशवीचा उल्लेख न करताही दिसत असणार. दिसत नसेल, तर मात्र माहितीपट एकाच वाक्यावर उभा आहे, आणि ते वाक्य उसनं आहे.

इथे थोडं विषयांतर करते. माझ्या लहानपणी थिएटरात सिनेमाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची रीळ लागायची. पूर, धरण, कुटुंबनियोजन. त्यात गरीब माणसं दिसायची, बोलायची नाहीत; त्यांच्या वतीने एक घनगंभीर आवाज बोलायचा. नंतर सुटसुटीत कॅमेरे आले, पडद्यावरची माणसं स्वतः बोलायला लागली, आणि तो आवाज मागे पडला याचा आम्हाला केवढा आनंद झाला होता! तो आनंद खरा होता. पण ‘तिने स्वतः सांगितलं’ याची एक किंमत असते, ती आम्ही तेव्हा मोजली नाही. घनगंभीर आवाज बोलायचा तेव्हा परिणामही त्याच्याच पत्त्यावर, म्हणजे सरकारी कचेरीत जायचे. बाई स्वतः बोलली की परिणाम तिच्या घरी जातात.

आनंद पटवर्धनांचा 1985 चा ‘हमारा शहर’ हा माहितीपट मिळाला तर बघ, किंवा पुन्हा बघ. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात होत्या तेव्हाचा. त्यात घर मोडलेली एक बाई कॅमेऱ्याकडे बघून दिग्दर्शकालाच फैलावर घेते, की आमचे फोटो काढून तुझं नाव होईल, आमचं काय होणार? पटवर्धनांनी ते कापलं नाही. तुझ्या आईचं वाक्य आणि त्या बाईचं वाक्य एकच आहे, 40 वर्षांच्या अंतराने. त्याला चोख उत्तर कुणाकडे नसतं. पण प्रश्न माहितीपटात ठेवता येतो. तुझ्या फुटेजमध्ये असं कुणी तुला टोचून बोललंय का? असेल तर ते काढलंयस का? मला शंका आहे.

दुसरं उदाहरण अलीकडचं. ‘रायटिंग विथ फायर’ हा ‘खबर लहरिया’ हे वृत्तमाध्यम चालवणाऱ्या बायकांवरचा माहितीपट 2022 च्या ऑस्करच्या अंतिम यादीत गेला. आणि सोहळ्याच्या काही दिवस आधी ‘खबर लहरिया’नेच जाहीर निवेदन काढलं, की यात आमचं चित्र अर्धवट आलंय, आम्ही जणू एकाच पक्षाच्या मागे लागलोय असं दिसतं, आमचं पत्रकारितेचं काम त्याहून कितीतरी व्यापक आहे. कोण बरोबर, या वादात मी शिरत नाही; दिग्दर्शकांची नजर ही त्यांची नजर असणारच. माझं लक्ष दुसरीकडे आहे. त्या बायका पत्रकार होत्या, त्यांचं स्वतःचं वृत्तमाध्यम होतं, म्हणून आक्षेप छापून आला आणि जगाने वाचला. मावशीचं माध्यम कोणतं? मालकांचा फोन. तिचं निवेदन त्याच फोनवरून आलं असेल, आणि तू त्याला ‘दबाव’ म्हणून बाजूला सारते आहेस.

आता जरा तारीख बघ. फोन श्रावणात आला. श्रावणात उसाचं काय चालतं? फडात काही नाही. पण उचल कधी वाटतात? पावसाळ्यात. दसऱ्यानंतर गाड्या निघतात, त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत मुकादम कोणाला किती द्यायची ते ठरवतो. आणि तुझ्या माहितीपटात मावशीने मुकादमाचं नाव घेतलंय. पोरीचं जमवायचं असेलही, मी ते खोटं म्हणत नाही. पण लग्नाला पैसे लागतात, आणि ते पैसे म्हणजे तीच उचल. ‘पिशवीचं काढ’ हे सांगायला सोपं कारण आहे, बायकी कारण आहे, त्यावर तू वाद घालणार नाहीस असं त्यांना वाटलं असेल. खरी भीती मुकादमाच्या नावाची असू शकते. माझा हा अंदाज आहे, चुकीचा असेल. पण तो बरोबर असेल, तर पिशवीचा प्रसंग काढून तू निश्चिंत होशील, आणि ज्याने घर अडचणीत येईल ते नाव पडद्यावर तसंच राहील. ते नाव आजच म्यूट कर. त्यासाठी कुणालाच विचारायची गरज नाही. फसवणुकीची पद्धत दाखव. ती सगळीकडे सारखीच आहे, एका मुकादमाच्या नावाने तिला धार येत नाही.

पैशाचं विचारलंयस. माहितीपटवाल्यांत ‘मुलाखतीचे पैसे द्यायचे नाहीत’ असा दंडक आहे, कारण पैसे दिले की माणूस आपल्याला हवं ते बोलतो. दंडक ठीक आहे, पण तो बहुतेक वेळा पगारी माणसांनी पाळलेला असतो. तू मावशीला दोन तास बसवून बोलतं केलंस तेव्हा तिच्या किती मोळ्या कमी झाल्या? ती मजुरी होती, आणि ती देणं म्हणजे लाच नव्हे. द्यायची होती ती तेव्हा, त्या दिवशीच्या भावाने. आता, परवानगी मागायच्या तोंडावर दिलीस तर तिला विकत घेतल्याचा वास येईल. म्हणून तिचं उत्तर येऊ दे. ते हो असो की नाही, त्यानंतर बुडालेल्या दिवसांचा हिशेब तिच्यासमोर बसून कर आणि तिच्या खात्यात टाक. उद्या बक्षिसाचे किंवा विक्रीचे पैसे आले तर त्यातला वाटा किती, तेही आजच कागदावर लिही. तो कागद तिला वाचून दाखव, आणि एक प्रत तिच्याकडे राहू दे. आधीच्या संमतिपत्राची प्रत तिच्याकडे आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

महोत्सवाचं फार दडपण घेऊ नकोस. आयोजकांना आजच कळव, की एका सहभागी व्यक्तीच्या परवानगीचा प्रश्न आहे, अंतिम प्रत बदलू शकते, शेवटची तारीख कोणती. अशा विनंत्या त्यांना नव्या नसतात. आणि नाही म्हणाले तर एक महोत्सव जाईल. निशा पाहुजा यांच्या ‘टू किल अ टायगर’मध्ये झारखंडमधल्या अत्याचार झालेल्या एका 13 वर्षांच्या मुलीची आणि तिच्या वडिलांची लढाई आहे. सुरुवातीचा बेत तिची ओळख झाकण्याचा होता. ती सज्ञान झाली, तिने माहितीपट पाहिला आणि चेहरा झाकायचा नाही हे स्वतः ठरवलं, असं दिग्दर्शिकेने सांगितलंय. त्यात वर्षं गेली. तुझं काम तसलं नाही, आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करण्याबाबत आपला कायदा फार कडक आहे, ते प्रकरण वेगळं. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी तिने पाहिलं, मग ठरवलं.

तर जा. दसऱ्याच्या आत जा, नंतर टोळी निघून जाईल. लॅपटॉप ने, चार्ज करून ने, गावात वीज कधी असेल सांगता येत नाही. आधी मावशीला एकटीला दाखव, किंवा तिला हव्या त्या दोघी-तिघींबरोबर. तिची ती मुलगीही बसली तर बसू दे. लग्न तिचं आहे आणि तिचं मत अजून कुणीच विचारलेलं नाही. मालकांना वेगळं दाखव. त्यांना खलनायक करू नकोस, त्यांच्याही पाठीवर तीच उचल आहे. दाखवताना मध्ये मध्ये समजावत बसू नकोस. मावशी कुठे हसते, कुठे मान फिरवते, कुठे पदर ओढते ते बघ. संपल्यावर लगेच ‘मग ठेवू का?’ विचारू नकोस. एक रात्र जाऊ दे. सकाळी ती आपणहून काढेल विषय. आणि नाही काढला, तर तेही उत्तर आहे.

नाही म्हणाली तर काढ. कुरकुर न करता, ‘माहितीपटाचं वाटोळं झालं’ असा चेहरा न करता. ‘पडद्यावर नको, पण लिही’, किंवा ‘माझ्या आवाजात नको, तू तुझ्या आवाजात सांग’, असं काही मधलंही निघू शकतं. मावशीसारख्या बायका आपल्यापेक्षा व्यवहारी असतात. ‘महोत्सवात दाखव, पण मोबाइलवर येऊ देऊ नको’ म्हणाली, तर मात्र शब्द देण्याआधी विचार कर. पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देता येत नाही. हो म्हणाली तर कुणासमोर म्हणाली ते बघ. आणि हो म्हणाल्यावरही परत यायची वाट मोकळी ठेव, पहिल्या जाहीर खेळापर्यंत तरी.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही चार शब्द, कारण आता कॅमेरा फक्त माहितीपटवाल्यांकडे राहिलेला नाही. संस्थेतर्फे वह्या वाटताना पोरांचे फोटो काढणारे, रेशनच्या किटबरोबर म्हातारीला उभी करणारे, रस्त्यावरच्या माणसाचा ‘संघर्ष’ रीलमध्ये टाकणारे, सगळ्यांना मी एवढंच विचारेन: तो फोटो त्या माणसाने पाहिलाय का? त्याच्या मुलांनी शाळेत पाहिला तर? आणि ज्यांच्या दारात असा कॅमेरा येतो त्यांनी निःसंकोच विचारावं, की हे कुठे दिसणार, कोण बघणार, नंतर नको म्हटलं तर कोणाला सांगायचं. फोन नंबर लिहून घ्यावा. आलेला पाहुणा रागावेल म्हणून गप्प बसू नये. चांगला असेल तर तो रागावणार नाही.

राहिला ताजा कलम. खरं तर मी पत्राचा तोच भाग तिसऱ्यांदा वाचला.

तू पडलीस, टोळी हसली, मावशीने पदर तोंडात धरला, आणि ‘मूड बिघडतो’ म्हणून ते तू काढलंस. कुणाचा मूड? हॉलमध्ये बसणाऱ्यांचा. त्यांनी पन्नास मिनिटं उदास राहावं म्हणून तू मावशीचं हसू कापलंस आणि तिची पिशवी ठेवलीस. आईचं वाक्य तुला टोचतंय ते इथे टोचतंय, असं मला वाटतं. गरिबी दाखवणं म्हणजे गरिबी विकणं नव्हे. पण ज्या बाईला दोन हंगामांत एकदाही हसताना, कुणाला शिवी घालताना, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशांत पोरीला बांगड्या घेताना आपण पडद्यावर पाहत नाही, ती बाई नसते, नमुना असतो. मोळी कशी उचलायची हे तुला येत नव्हतं आणि तिला झोपेतही येतं, हे त्या एका शॉटमध्ये आहे. तिचं कसब आहे त्यात. त्या फडात तू पाहुणी होतीस आणि ती मुरलेली, हेही आहे.

गावी जाशील तेव्हा लॅपटॉपवर आधी तेच लाव. बाकीचं नंतर. आणि कॅमेरा पुण्यालाच ठेवून जा.